रिठीतली टाळी

त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायला हरकत काही नाही, आता तर ते नकाशावरही छापलेलं आहे. पण ज्या गावात लहानपणी नावं मोठ्यानं घेतली म्हणून पाठीत धपाटे खाल्ले, त्या गावाचं नाव कागदावर उतरवायला हात वळत नाही. हे अडाण्यासारखं वाटेल. वाटू दे. मी पोटापाण्यासाठी नियोजनाचं काम करते, माणसं, रस्ते आणि पाणी यांची गणितं मांडते, आणि तरीही हात वळत नाही.

आमच्या भंडारा जिल्ह्यात महसुलाच्या दप्तरात काही गावांच्या नावापुढे 'रिठी' असा शब्द असतो. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. कधीतरी मरी आली, किंवा पाणी आटलं, किंवा जंगलातल्या जनावरांनी जगू दिलं नाही, आणि माणसं निघून गेली. गाव गेलं तरी त्याची शीव राहते, तलाव राहतो, मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं राहतं आणि नाव राहतं. माणूस मेला की सरकार त्याचं नाव खोडतं. गाव मेलं तर खोडत नाही, पुढे एक शब्द जोडून ठेवून देतं.

माझे मामा अशा एका रिठीत राहतात. दिघोरीहून आत वळलं, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून, बरंच गेलं की एक मोठा तलाव लागतो. त्याच्या पाळीखाली कौलारू घरांची एक ओळ आहे. मामांच्या आजोबांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी जवळच्या मोठ्या गावातून येऊन ही रान झालेली जमीन कसायला घेतली. आधी धान राखायला झोपड्या बांधल्या, मग झोपड्यांची घरं झाली, घरांत लेकरं झाली. मतदानाला मात्र सगळे मोठ्या गावात जात, रेशन तिथूनच आणत. दप्तरात इकडे शून्य माणसं. तलाव जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेला; सरकारी भाषेत माजी मालगुजारी, आणि त्याचं आखूड नाव मामा तलाव. हा तलाव आपल्या मामांच्याच मालकीचा आहे असं मी पाचवीपर्यंत वर्गात छातीठोकपणे सांगत असे. कोणी खोडून काढलं की मारामारीही करत असे.

या वस्तीची एक रीत होती. तिथे कोणी कोणाला हाक मारत नसे. घरात, हलक्या आवाजात बोलताना नाव घेतलं तर चालायचं. पण वाटेवरून, पाळीवरून, बांधीतून लांबच्या माणसाला बोलवायचं तर टाळी. एक टाळी म्हणजे 'आहेस का?' ऐकणाऱ्यानं एक टाळी परत द्यायची, म्हणजे 'आहे'. दोन टाळ्या म्हणजे 'इकडे ये'. आणि दुपारच्या वेळी बाहेरून कोणी नावानं हाक मारली, तर काय वाटेल ते होवो, ओ द्यायची नाही.

"काहून?" मी मामीला विचारलं होतं.

"हे गाव आपलं नोहे, बाई," ती म्हणाली होती. "ज्याहिचं हाय ते लोकं अठीच हायेत. आपुन हाक मारली का तेबी ओ देतात. मंग कोन आपला अन् कोन त्याहिचा, कसं वळखाव?"

मी साकोलीची. हायवेवरच्या गावची, बाबांचं हार्डवेअरचं दुकान, दिवसभर ट्रकांचे हॉर्न आणि गिऱ्हाइकांची ओरड. हाका मारल्याशिवाय आमच्याकडे पानही हलत नसे. एका उन्हाळ्यात पाळीवर उभी राहून मी मामेबहिणीला तिच्या नावानं हाक मारली. खणखणीत. ओ आली. पण घरांच्या बाजूनं नाही, पलीकडून आली, जिथे जुन्या घरांची नुसती जोती उरली आहेत आणि त्यांवर पळसाची झुडपं माजली आहेत. मी तिकडे निघालेच होते, तोवर मामीनं येऊन दंडाला धरलं, पाठीत दोन धपाटे घातले आणि ओढत घरी नेलं. मामेबहीण घरात चटईवर गाढ झोपलेली होती.

कोणी गुराखी असेल, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. मला तर्क लावता येतो. तर्क लावूनच मी पगार घेते.

नागपुरात आमच्या कार्यालयाकडे जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेचं काम आलं तेव्हा मला आनंद झाला होता. पुढच्या वीस वर्षांत भंडारा शहर किती वाढू द्यायचं, साकोली-लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावांना काय द्यायचं, खेड्यांत काय राखायचं, म्हणजे पोरं सरसकट नागपूर-पुण्याच्या गाड्यांत बसणार नाहीत, आणि हे सगळं करताना पाणी, जंगल, धानाची जमीन संपणार नाही. असं काम रोज मिळत नाही. यात एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून विचित्र वाटते. आम्ही आधी वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज काढतो. म्हणजे जी माणसं अजून जन्मलीच नाहीत त्यांना आधी मोजतो. त्यांच्यासाठी पाणी बाजूला काढतो, शाळेची जागा धरतो, स्मशानाचीसुद्धा धरतो. मग उरलेल्या जागेत आजच्या माणसांना बसवतो. कार्यालयात संध्याकाळी एकटी बसून तो तक्ता बघितला की वाटे, खोली भरलेली आहे.

प्रारूप नकाशा तयार होऊन भिंतीवर लागला त्या दिवशी सगळे चहाचे कप घेऊन त्याच्यासमोर उभे होते. मी सवयीनं आधी साकोली शोधली, मग बोट खाली लाखांदूरकडे नेलं, मग दिघोरी. मग बोट थांबलं. मामा तलावाची निळी जागा फुगली होती. तलाव होता त्याच्या कितीतरी बाहेर निळा रंग पसरला होता आणि मामांचं घर, मातामाय, घरांची अख्खी ओळ त्याच्या खाली गेली होती.

योजना वाईट नव्हती, हेच तर दुखणं. जुन्या तलावांच्या पाळी उंच करायच्या, गाळ काढायचा, पाणी अडवायचं, ते धानालाही द्यायचं आणि वाढणाऱ्या गावांनाही. मी स्वतः या कल्पनेच्या बाजूनं बैठकांमध्ये घसा कोरडा केला होता. कुठला तलाव घ्यायचा हे ठरवणारा गट वेगळा होता. त्यांनी रिकाम्या जागांचे तलाव निवडले होते. रिठी म्हणजे रिकामी. उठवायला कोणी नाही, भांडायला कोणी नाही.

"तिथे लोक राहतात," मी म्हणाले. माझा आवाज बराच चढला असावा, कारण सगळे वळून बघायला लागले.

स्थळपाहणीला गेलेले गृहस्थ सांगली भागातले, निवृत्तीला टेकलेले, कामाला चोख. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला.

"मॅडम, तिथे कोणी राहत नाही," ते म्हणाले. "छपरं दिसली म्हणून तर मी मुद्दाम गेलो होतो. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते, भर दुपार. मोठ्या गावात चहाच्या टपरीवर विचारलं, तर म्हणाले तिथे अमुक नावाचे गृहस्थ आहेत, त्यांना हाक मारा. मी वाटेत उभा राहून हाक मारली. दारं लोटलेली होती. एका चुलीतून धूर येत होता. पुन्हा हाक मारली, तर एका घरातून आतली कडी सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा मारली, तर तो धूरही एकदम थांबला."

"मग?"

"मग काय, निघालो. वळलो आणि पाठीमागे कोणीतरी टाळी वाजवली. एकदाच." त्यांनी कप खाली ठेवला. "मी मागे बघितलं नाही. आजवर सगळा महाराष्ट्र पायाखाली घातलाय मी, पण तिथे बघितलं नाही. पाहणीत लिहिलं, शेतावरच्या झोपड्या, वस्ती आढळली नाही. आणखी काय लिहिणार होतो?"

त्यांनी कोणाच्या नावानं हाक मारली ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते नाव मामांचं नव्हतं. मामा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. टपरीवाल्यानं बरोबर सांगितलं असेल, पण परगावच्या माणसाच्या कानानं ते अक्षर बदललं. थोरले मामा त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वारले होते.

मी साहेबांकडे गेले, हे माझं आजोळ आहे हेही सांगितलं. साहेब भला माणूस. म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून मी रंग बदलला, तर उद्या प्रत्येकाचा मामा निघेल. आता हरकती आणि सूचना मागवतोय. लोकांना हरकत घेऊ द्या, सुनावणीला येऊ द्या, समोर उभं राहून सांगू द्या. आणि तुम्ही त्या दिवशी त्यांच्या वतीनं तोंड उघडू नका. मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी मामांकडे गेले. मामा पाया पडायला वाकले. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, आणि मी चाळिशी ओलांडली तरी ते सोडत नाहीत. मी नेहमीसारखी मागे सरले. त्यांनी नेहमीसारखं जमिनीलाच हात लावून डोक्याला लावला. मग मी बाहेरच्या पडवीत बसले आणि मामीला विचारलं, मागच्या रोवणीत कोणी माणूस आला होता का?

मामीचा हात थांबला. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली. "सारे रोवण्यावर गेले होते. माह्या पाय मुरगाळला म्हनून मी घरी. बाजूच्या म्हाताऱ्या होत्या. भर दुपारी वाटेत कोनी तरी तुया मोठ्या मामाले हाक मारली, बाई. नावानं! तो मरून साल नव्हतं झालं. एकदा मारली, दोनदा मारली, तीनदा मारली. मी कडी लावली अन् चुलीत पानी ओतून बसली."

"मंग टाळी कोनं वाजवली?"

"म्याच. म्हटलं, मानूस असन तं टाळी परत देईन. त्यानं देल्लीच नाई. फटीतून पाह्यलं, तं पाठ फिरवून चालला होता. पाय वाजत नव्हते त्याचे."

पाय कसे वाजणार, चिखल होता. मला हसू आलं आणि मी खरंच मोठ्यानं हसले. भर दुपारी दोन माणसं एकमेकांना भूत समजून पळाली होती, एक घरात आणि एक रस्त्यानं. मामाही हसले. मामी हसली नाही. मग मी त्यांना सांगितलं की त्या एका दुपारीमुळे नकाशावर त्यांचं घर पाण्याखाली गेलंय. त्यावर कोणीच हसलं नाही.

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. पाळ किती उंच होणार, सलंग कुठे काढणार, म्हणजे जादाचं पाणी कुठून सोडणार. मी जमेल तेवढं सांगितलं. ते पाळीकडे बघत राहिले.

"तलाव भराव, हे मले नको हाय का?" ते म्हणाले. "वरच्या अंगानं उतार हाय, तिकडं पानी पसरवा न. अठी पाळ थोडी कमी ठेवा. पन हे कोनाले सांगाव? अठी कोनी नाईच म्हनतात."

"लाखांदूरले सुनावणी हाय, मामा. तठी सांगा. गावाचं नाव पुकारतीन, तुमी ओ द्या. हाजर म्हना. बस."

मामांनी मामीकडे बघितलं. मला वाटलं, कळलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"आयकलं," मामी म्हणाली. "गावाचं नाव पुकारतीन, अन् आमी ओ द्याव. बाई, नाव त्याहिचं हाय. आपुन तीन पिढ्या त्याहिच्या घरात पावने. कोनं घराच्या नावानं हाक मारली, तं पावन्यानं ओ देवाव का?"

आता माझं डोकं फिरलं. दिवसभर उन्हातून आलेली, साहेबांशी वाद घालून आलेली, आणि इथे ही. "मामी, घरच पान्यात गेलं तं पावने कोठं राहातीन? अन् घरवाले तरी कोठं राहातीन?"

हे मी नुसतं रागात बोलले होते. मामी मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. जोत्यांवरची पळसाची झुडपंही निळ्याखाली जाणार होती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, मातामायसमोर जाऊन बसली आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मामांनीही विचारलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी हरकतीच्या अर्जावर अंगठ्याशेजारी सहीसुद्धा केली. कुठलंही एक पुरे, असं सांगूनही ऐकलं नाही.

सुनावणीच्या दिवशी लाखांदूरचं सभागृह माणसांनी फुललं होतं. कोणाचा प्लॉट रस्त्यात गेलेला, कोणाची बांधी बगिच्यात. मी कार्यालयाच्या बाजूला, टेबलामागे बसलेली. खिडकीतून मला मामा दिसत होते. वस्तीतली बरीच माणसं आली होती, एसटीनं आलेली, धुतलेले कपडे घालून, चिंचेखाली गोळा होऊन उभी. मामी होती, मामेभाऊ होता, त्याची नवीन बायको होती.

शिपायानं दारात उभं राहून पुकारा केला. गावाचं नाव घेतलं आणि पुढे तो शब्दही: "रिठी! कोणी आहे का?"

चिंचेखाली सगळे एकदम स्तब्ध झाले. पाखरं बसलेल्या झाडाखाली फटाका फुटावा आणि पाखरांनी उडायचं विसरावं, तसे. कोणी हललं नाही. मामांनी मान खाली घातली.

"रिठीचे कोणी आहेत का?" शिपायानं दुसऱ्यांदा विचारलं. सभागृहात कोणीतरी म्हणालं, रिठीतून कोण येणार गा, भुतं? हशा पिकला. सुनावणी घेणारे अधिकारी घड्याळ बघत होते. उठून ओरडावंसं वाटत होतं की ते काय, ते तिथे उभे आहेत, डोळे फुटले का तुमचे? साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी बसून राहिले.

तिसरा पुकारा झाला. मग पुढच्या गावाचा कागद वर काढला गेला, आणि त्याच वेळी दारातून टाळी ऐकू आली. एकच.

मामा दारात उभे होते. तोंड उघडं, आवाज नाही, हात छातीसमोर जोडल्यासारखे. हात जोडलेले नव्हते, टाळी वाजवून तिथेच थांबलेले होते.

"टाळ्या कसल्या वाजवताय, आजोबा?" अधिकारी वैतागून म्हणाले. "हजर असाल तर तोंडानं सांगा. टाळी कशी लिहून घेऊ मी?"

मामांनी मागे वळून मामीकडे बघितलं. मामीनं मान हलवली, इतकी थोडी की मला दिसली ती मी ओळखते म्हणून. मग मामा म्हणाले, "ओ." साधी, शाळेतल्या पोरानं द्यावी तशी. त्यांच्या मागून मामी म्हणाली, "ओ." मग मामेभाऊ, मग त्याची बायको, मग म्हाताऱ्या, एकामागून एक. ती ओ चिंचेखालून सरकत दारापर्यंत येत राहिली. शिपाई दारातून दोन पावलं आत सरकला. माणसं आत येऊन उभी राहिली, दार लागलं, आणि तरी ओ येतच होती, बाहेरून, थोडी लांबून. मोजणं हा माझा धंदा आहे. त्या दिवशी मी मुद्दाम मोजलं नाही.

"बास, बास, कळलं," अधिकारी म्हणाले. "लिहून घ्या. वस्ती आहे."

मग मामांनी पाण्याचं सगळं सांगितलं, उतार, पाळ, सलंग. त्यांनी दाखवलेला वरच्या अंगाचा उतार नंतर मोजला गेला, त्यावर चर्चा झाली, आणि पाणी तिकडे पसरवायचं ठरलं. अंतिम नकाशात निळा रंग घरांच्या अलीकडेच थांबला. घरांच्या ओळीवर पिवळा ठिपका आला, म्हणजे राहती वस्ती. पळसाची झुडपं हिरव्यात राहिली. गावाच्या नावापुढचा तो शब्द काढण्याचा प्रस्तावही वर गेला. मला मनापासून आनंद झाला. सांगलीकडच्या त्या गृहस्थांनी कार्यालयात पेढे वाटले. मी मागितले नव्हते.

त्यानंतर मी मामांकडे गेले ती हिवाळ्यात. धान कापून झालं होतं, बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक निळ्या फुलांवर आलं होतं. वस्तीत शिरले आणि दचकून उभीच राहिले. मामी दारातून सुनेला हाक मारत होती. नावानं, गळा मोकळा सोडून. पलीकडच्या घरातली म्हातारी आपल्या नातीला तसंच बोलावत होती. हाकाच हाका. साकोलीच्या बाजारासारखं वाटलं.

"आता काय," मामा पाया पडता पडता म्हणाले. "सरकारात ओ देल्ली. आता लपून कायचं राहाव?"

जेवणं झाली. मामेभाऊ मळ्याकडे गेला होता. मामा, मामी, सून आणि मी, चौघंच घरात. मामा पडवीत सुपारी कातरत होते. सून तांब्याभर पाणी घेऊन आली. दुपार अगदी गच्च भरली होती, पानही हलत नव्हतं.

तलावाच्या बाजूनं टाळी वाजली.

एकच. मी मामांकडे बघितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि एक टाळी वाजवली.

"कोन हाय तिकडं?" मी विचारलं. "तुमी लोकं तं आता हाका मारता."

"आमी मारतो," मामी म्हणाली. "टाळी रिकामी झाली, तं त्याहिनं घेतली. आमच्या हाका आमाले सोडल्या त्याहिनं, ओ नाई देत आता. त्रास नको म्हनून."

"अन् कायले वाजवतात?"

"कायले म्हंजे?" मामा म्हणाले. "हायेस का म्हनून इचारतात. रोज दुपारी. घरात जेवढे जीव, तेवढ्या टाळ्या. परत देल्ली का गप होतात."

दुसरी टाळी आली. मामीनं परत दिली, हातातलं फडकं न सोडता. तिसरी आली. दारातल्या सुनेनं तांब्या काखेत धरून परत दिली, नजर खाली ठेवून. चौथी वाजली तेव्हा तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मीही दिली. माझी टाळी पडवीत फारच मोठी वाजली. आमचा माणूस एकदा येऊन, हाका मारून, वस्ती नाही असं लिहून गेला होता. हे रोज येत होते, आणि पाहुणीलाही धरून मोजत होते.

"झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी अडकित्ता उचलला.

पाचवी टाळी वाजली.

मामांचा हात तसाच राहिला. मामीनं घरात डोकावून बघितलं, आत कोणी नव्हतं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत होतो. टाळी पुन्हा आली नाही, पण तिकडे कोणीतरी थांबलंय हे माझ्या पाठीला कळत होतं.

सून दाराच्या चौकटीला टेकली. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, पदर पोटावर ओढून घेतला आणि हळूच, फार हळूच, एक टाळी वाजवली.

तलावाकडे मग काहीच वाजलं नाही. मामीनं सुनेच्या पोटाकडे बघितलं. मग उठली, उंबऱ्यावरचा तांब्या स्वतः उचलला आणि म्हणाली, "आतापासून तू पानी भरू नोको."